प्राणवायू : मोजून दिलेले औषध

रुग्णास धाप लागली की शेजारी बसलेल्या आप्तांची पहिली विनंती असते, "सिस्टर, ऑक्सिजन थोडा वाढवा ना!" त्यामागील माया आम्ही जाणतो. तथापि दीर्घकालीन फुप्फुसविकाराच्या, म्हणजे सीओपीडीच्या, रुग्णाबाबत ही विनंती नेहमी मान्य का करता येत नाही, हे येथील डॉक्टरांकडून मजसारख्या वाणिज्य पदवीधरास जसे उमगले तसे मांडत आहे.

श्वासाची सूत्रे मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेच्या हाती असतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइड किंचित वाढताच ती श्वास वाढविते. मानेतील रोहिण्यांपाशी असलेली सूक्ष्म केंद्रे प्राणवायूवर लक्ष ठेवतात. या संशोधनासाठी बेल्जियमचे कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक लाभले.

विडी-सिगारेटच्या वा चुलीच्या धुराने श्वासनलिका वर्षानुवर्षे अरुंद होत गेल्या की काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागतो. मूत्रपिंडे बायकार्बोनेट राखून आम्लतेचा ताळेबंद जुळवितात. परंतु त्यामुळे मेंदूची या वायूविषयीची जाणीव बोथट होते.

अशा रुग्णास प्राणवायू अधिक दिल्यास फुप्फुसाच्या हवा न पोहोचणाऱ्या भागांकडे रक्त वळते, हिमोग्लोबिनची कार्बन डायऑक्साइड वाहून नेण्याची क्षमता घटते आणि श्वासाची प्रेरणाही काहीशी मंदावते. पूर्वी हे शेवटचे कारणच प्रमुख मानीत. आज पहिल्या दोहोंचेही महत्त्व मान्य झाले आहे. परिणामी रुग्णास गुंगी येते. आप्तांना ती शांत झोप वाटते. प्रत्यक्षात ती धोक्याची खूण असू शकते.

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथे ४०५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रुग्णवाहिकेपासूनच मोजून प्राणवायू दिलेल्या निश्चित सीओपीडी रुग्णांत मृत्यूचे प्रमाण २ टक्के, तर सढळ दिलेल्यांत ९ टक्के आढळले.

याचा अर्थ प्राणवायू घातक आहे असा मुळीच नाही. तो एकाएकी बंद करणेही तितकेच धोक्याचे असते. अशा रुग्णांत रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सामान्यतः ८८ ते ९२ टक्के राखले जाते. म्हणून आप्तांनी नळीचा प्रवाह स्वतः बदलू नये. गुंगी, डोकेदुखी वा असंबद्ध बोलणे दिसताच परिचारिकेस कळवावे.

देणगीदारांनाही नम्र निवेदन : सिलिंडरइतकेच मोल पल्स ऑक्सिमीटरचे, रक्तातील वायू तपासणाऱ्या यंत्राचे आणि मास्कद्वारे श्वासास साहाय्य करणाऱ्या बायपॅप यंत्राचे आहे. दिलेला प्राणवायू रुग्णास मानवतो की नाही, हे तपासणीवाचून कळत नाही.