उजव्या बटणाची यादी आणि आपले अक्षर



आपल्या टिलबर्गच्या वर्गातल्या एका मुलीची सुट्टीभर टंकलेली शब्दयादी मागच्या सत्रात गेली. फाइल सीएसव्ही होती. दोनदा क्लिक केल्यावर ती हिशेबाच्या तक्त्यात उघडली, देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हे दिसली, आणि तिने घाईत तशीच ‘सेव्ह’ केली. मजकूर यूटीएफ-८ मध्ये होता. तक्त्याने तो जुन्या युरोपीय पद्धतीने वाचला. साध्या क्लादब्लोकमध्ये (म्हणजे नोटपॅडमध्ये) तो नीट दिसला असता. दर वेळी माउसने यादी उघडून क्लादब्लोक शोधायला मात्र कंटाळा येतो. म्हणून आम्ही त्याला एक अक्षर दिले.

विंडोजची कळ आणि आर दाबा. चौकटीत ‘शेल’, कोलन, ‘सेंडटू’ असे रोमन लिपीत, जागा न सोडता लिहा. उघडलेल्या फोल्डरमध्ये नोटपॅडचा शॉर्टकट तयार करा आणि त्याला ‘वोर्डन’ (डच भाषेत शब्द) असे रोमन नाव द्या. आता फाइल निवडून शिफ्ट + एफ १० दाबा. लॅपटॉपवर कधी एफएन कळही लागते. यादीत ‘कोपिएरन नार’मधल्या ज्या अक्षराखाली रेघ असेल ते दाबा, मग डब्ल्यू. झाले! माउसला हात लावावा लागत नाही.

नाव ‘शब्द’ असे देवनागरीत का नको? कीबोर्ड डचवर असताना ‘श’ उमटतच नाही, मग दाबणार काय? शिवाय अक्षर त्या यादीत एकट्याचेच हवे. दोन नावे डब्ल्यूने सुरू झाली तर कळ नुसती एकीवरून दुसरीवर उडी मारते, उघडत काहीच नाही. मग एंटर दाबावे लागते.

काहींनी विचारले, शॉर्टकटच्या गुणधर्मांत कंट्रोल + ऑल्ट + अक्षर ठेवता येते, ते का नाही? त्याने क्लादब्लोक उघडेल, पण रिकामा; निवडलेली फाइल त्याच्याकडे जात नाही. शिवाय विंडोजला कंट्रोल + ऑल्ट आणि उजवीकडची ऑल्टजीआर कळ सारखीच वाटते. इथे बहुतेकांकडे असलेल्या यूएस-इंटरनॅशनल मांडणीत ऑल्टजीआर + ई ने डोक्यावर रेघ असलेला ‘ए’ येतो. ई आपल्या शॉर्टकटला दिलात, तर डच गृहपाठात ‘एक’ लिहिताना मध्येच क्लादब्लोक उघडेल!

पुढच्या वर्गाला येताना आपली शब्दयादी पेनड्राइव्हवर आणा. ती आधी क्लादब्लोकमध्येच उघडू.