माळ्याच्या जिन्याची निवड

माळ्याचा जिना ठरविताना आपण प्रथम जागा मोजतो; वास्तविक प्रथम विचार करावयाचा तो चढउतार करणाऱ्याचा. २.७ मीटर उंची गाठावयास १८ सेंटिमीटर उंचीच्या १५ पायऱ्या लागतात. पायरीची रुंदी २५ सेंटिमीटर धरल्यास सरळ जिना साडेतीन मीटर जागा व्यापतो. एवढी जागा नसल्यास गोल जिना, किंवा डाव्या-उजव्या पावलासाठी आळीपाळीने कापलेल्या पायऱ्यांचा जिना सुचविला जातो. पहिल्यात खांबाजवळ पायरी निमुळती होते. दुसऱ्यात पाऊल चुकले की तोल गेलाच. क्वचित उघडावयाच्या माळ्यास हे चालतील. परंतु जेथे वृद्ध निजतात किंवा हाती ओझे घेऊन रोज उतरावे लागते, तेथे आपण खोलीची जागा सोडावी, पायरीची रुंदी सोडू नये.