संगणकाचा पहिला धडा

'संगणकाची कोणती भाषा आधी शिकावी?' असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. आमच्या मते हा प्रश्न दुय्यम होय. नवशिक्यांसाठी १९६४ साली बेसिक निघाली, १९७० साली पास्कल आली. आज पुष्कळ ठिकाणी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथनने आरंभ होतो. भाषा बदलल्या, विचाराची रीत मात्र टिकली. पहिला धडा तिचाच असावा.

ही रीत म्हणजे काय, ते पाहू. २५२ व १०५ यांचा मसावि काढावयाचा आहे. मोठ्या संख्येस लहान संख्येने भागा. बाकी ४२ उरते. आता १०५ ला ४२ ने भागा, बाकी २१. पुढे ४२ ला २१ ने भागता बाकी शून्य. म्हणून मसावि २१. ही कृती युक्लिडच्या ग्रंथात आहे. तिला सुमारे तेवीसशे वर्षे झाली. हिच्यात पुनरावृत्ती आहे, आणि कोठे थांबावे याचा नियमही आहे. बाकी दर वेळी लहान होत जाते, म्हणून कृती संपणारच, हे कळणे म्हणजे अर्धे शास्त्र कळणे होय.

दुसरी गोष्ट, आपल्या उत्तरावर शंका घेणे. दिलेल्या संख्यांतील सर्वांत मोठी शोधण्यासाठी एखादा विद्यार्थी आरंभी 'सर्वांत मोठी = ०' असे धरतो आणि पुढची संख्या मोठी दिसताच ती तेथे ठेवतो. ७, ३, ९ दिल्यास उत्तर ९ येते. तो संतुष्ट होतो. पण -५, -२, -९ दिल्यास यंत्र ० सांगते, आणि शून्य तर त्या यादीत नाहीच! चूक यंत्राची नव्हे, आपल्या गृहीताची. आरंभी यादीतील पहिलीच संख्या धरली असती, तर -२ हे बरोबर उत्तर आले असते. म्हणून प्रोग्रॅम यंत्रास देण्यापूर्वी कागदावर पायरीपायरीने चालवून पाहावा, आणि मुद्दाम अडचणीची उदाहरणे घ्यावीत. नुसती नक्कल करणाऱ्यास ही चूक कधीच दिसत नाही.

मराठी माध्यमातील मुलांना वाटते की, ही विद्या इंग्रजी जाणणारांचीच. आमची मायबोली कोंकणी, आम्ही शिकवितो मराठीत. परंतु भागाकाराची बाकी दोहोंतही तीच उरते. आज्ञांचे इंग्रजी शब्द थोडे आहेत, ते चार दिवसांत पाठ होतील. विचार करण्यास मात्र आपली भाषा पुरेशी आहे. वही घ्या, आणि आजच आरंभ करा.