कलाकार नको, लेबल धरा

प्रश्न : बॉब मार्ली आणि माइल्स डेव्हिस ऐकून झाले. त्यापलीकडचे दुर्लक्षित अल्बम कसे शोधू?

उत्तर : कलाकाराच्या नावामागे न जाता छोट्या लेबलांचा माग काढा. उदाहरणार्थ, ‘हार्ट ऑफ द काँगोज’ हा रेगे अल्बम निर्माते ली पेरी यांनी किंग्स्टनच्या ब्लॅक आर्क स्टुडिओत घडवला, तो 1977 मध्ये जमैकात आला. पण आयलंड रेकॉर्ड्स या लेबलनं तो परदेशात काढलाच नाही. 1996 मध्ये मँचेस्टरच्या ‘ब्लड अँड फायर’ या छोट्या लेबलनं तो पुन्हा काढला, तेव्हा कुठे जगभर पोचला. या लेबलचं काहीही डोळे मिटून घ्या, असं मी सांगेन. अल्बमसोबतची पुस्तिकाही वाचा; त्यातल्या वादकांच्या नावांवरून पुढचा अल्बम सापडतो.

जॅझमध्ये सुरुवात घरच्या धाग्यानं करा. मुंबईत जन्मलेले गोवेकर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा आणि किंग्स्टनचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांचा ‘हम दोनो’ 1969 चा, लंडनमधला. (नाव पाहून देव आनंद आठवणारच!) डिसिल्वांचं ‘कोंकण डान्स’ तर कित्येक दशकं अप्रकाशितच होतं.

मूळ प्रतींच्या नादी लागू नका, त्या फार महाग. पुनर्प्रकाशन घेताना मात्र ते मूळ टेपवरून केलंय का, एवढं तपासा.