वरच्या अंगाचा शेजारी

मदीना शहराच्या दोन्ही बाजूंना काळ्या दगडांची पठारे आहेत. अरब लोक त्यांना ‘हर्रा’ म्हणतात. या पठारांवरून उतरणारे पावसाळी ओहोळ खजुरीच्या बागांपर्यंत येत असत. अशा एका ओहोळाच्या वरच्या अंगाला हजरत जुबैर (रजि.) यांची बाग होती आणि खालच्या अंगाला एका अन्सारी माणसाची. पाणी सोडण्यावरून दोघांत तंटा झाला व तो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे आला. प्रेषितांनी जुबैर यांना सांगितले की, आपल्या झाडांना पाणी द्यावे आणि मग ते शेजाऱ्याकडे सोडावे. अन्सारीला वाटले की नात्यामुळे जुबैर यांना झुकते माप मिळाले, आणि तो तसे बोललाही. तेव्हा प्रेषितांनी जुबैर यांना त्यांचा पूर्ण हक्क दिला: पाणी बांधाला लागेपर्यंत अडवावे, त्यानंतर सोडावे. म्हणजे आधीच्या निवाड्यात सवलत मिळाली होती ती त्या अन्सारीलाच. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आला आहे. मदीनेच्या महजूर नावाच्या ओहोळासंबंधी दिलेला निवाडाही असाच आहे. वरच्या शेतकऱ्याने घोट्याइतके पाणी होईपर्यंत अडवावे, नंतर खालच्यासाठी मोकळे करावे.

फकीहांनी यावरून जो नियम काढला त्याचे सार असे की, प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्याला आधी पाणी घेण्याचा हक्क आहे, परंतु त्या हक्काला गरजेची मर्यादा आहे.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत राहणाऱ्या बंधु-भगिनींनी हा नियम विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण अल्लाहने आपल्याला वरच्या अंगाला वसवले आहे. कुकडी आणि मीना जुन्नरच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावतात, घोड आंबेगावच्या डोंगरांत. माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, येडगाव आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. जुन्नर शहराजवळून वाहणारी कुकडी पुढे येडगावच्या जलाशयात येते आणि तेथून निघणारा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत व करमाळ्यापर्यंत जातो. घोड नदी भीमेला मिळते आणि भीमा उजनीला. आपल्या मोरीतून जे बाहेर पडते ते कोणाच्या तरी ताटापर्यंत पोहोचत असते, आणि त्या माणसाचे तोंडही आपण पाहिलेले नसते.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेने मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही गावे शहरांप्रमाणे वाढली. मंचरची ग्रामपंचायत अलीकडेच नगरपंचायत झाली. काल जेथे कांदा होता तेथे आज प्लॉट पडले आहेत. घर बांधणे ही मुबाह, म्हणजे अनुज्ञेय गोष्ट आहे, आणि मुलाबाळांच्या शिक्षणासाठी गावाकडून महामार्गाकडे येणाऱ्याला कोणी दोष देऊ नये. परंतु वस्ती वाढते त्या वेगाने गटारे आणि सांडपाणी शुद्ध करण्याची सोय वाढत नाही. म्हणून प्रत्येक जण आपल्या दोन-तीन गुंठ्यांत एका कोपऱ्यात बोअर घेतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात शौचालयाची टाकी बांधतो. टाकीचा तळ पक्का केलेला नसतो. भरली की तिचे पाणी उघड्या गटारात सोडले जाते आणि गटार ओढ्याला मिळते. आपल्या टाकीजवळ शेजाऱ्याची बोअर आहे याचा विचार नकाशा काढताना कोणी करत नाही.

आपल्या फिकहमध्ये या प्रश्नाला शब्द आहे: ‘हरीम’. विहिरीच्या भोवतालची जी जागा विहिरीच्या रक्षणासाठी राखून ठेवली जाते ती विहिरीचा हरीम होय. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते पडीक जमिनीत खणलेल्या विहिरीचा हरीम चाळीस हात असतो, तेथे दुसऱ्याने विहीर खणू नये. स्वतःच्या मालकीच्या प्लॉटला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, हे मान्य आहे. मात्र त्यामागील हेतू प्लॉटवरही लागू आहे, कारण स्वतःचे नुकसान करू नये आणि दुसऱ्याचेही करू नये, हे प्रेषितांचे (स.) वचन शरीअतच्या मूलभूत नियमांपैकी एक आहे. माझी जागा, माझी टाकी, हे उत्तर तेथे चालत नाही. टाकीतून झिरपणारे पाणी जमिनीखाली कुंपण ओळखत नाही.

जहाजाची हदीस आपल्या सर्वांना ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरील लोकांना पाण्यासाठी वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी तळालाच भोक पाडायचे ठरवले. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी सांगितलेल्या या हदीसमध्ये एक गोष्ट आपल्या लक्षातून निसटते. भोक पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. ते स्वतःच्या वाट्याच्या जागेत भोक पाडत होते आणि कोणाला त्रास होऊ नये अशीच त्यांची इच्छा होती. तरीही त्यांना अडवले नाही तर सगळे बुडतील, असे प्रेषितांनी सांगितले. वाढत्या गावातील बहुतेक प्रदूषण अशाच भल्या माणसांकडून होते.

आता आपल्या मशिदीकडे वळू. प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत, असे बुखारी व मुस्लिममध्ये आहे. एक मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास; हनफी मापाने सुमारे एक लिटर. वाहत्या नदीवरही वुजूत पाणी वाया घालवू नये ही प्रसिद्ध हदीस इब्ने माजामध्ये आहे. तिच्या सनदेविषयी मुहद्दिसांनी शंका घेतली आहे, म्हणून येथे तिच्यावर भर देत नाही. मुद्दची हदीस पुरेशी आहे. आज मगरिबच्या वेळी वुजू करताना नळाखाली एक बादली ठेवून पाहावी. पूर्ण उघड्या नळाखाली ती मसह करण्यापूर्वीच भरत आली तर आपण सुन्नतच्या किती पट पाणी वापरतो ते कळेल. मशिदीच्या विश्वस्तांनी नळाची धार बारीक करण्यास फार खर्च येत नाही.

वुजूच्या पाण्याचे पुढे काय करावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. हनफी मतानुसार एकदा वापरलेल्या पाण्याने पुन्हा वुजू होत नाही, पण ते पाणी पाक असते. ते झाडांना घालण्यास काहीच हरकत नाही. त्यात साबण नसतो, तेल नसते. असे स्वच्छ पाणी गटारात मिसळून घाण करण्याऐवजी आवारातील दोन-चार झाडांना द्यावे आणि उरलेले शोषखड्ड्यात जिरवावे. शोषखड्डा म्हणजे तळाशी मोठे दगड, त्यावर लहान दगड आणि वर जाड वाळू भरलेला खड्डा. आधी एक लहान टाकी ठेवली म्हणजे गाळ तिच्यात बसतो. काळ्या चिकट मातीत पाणी सावकाश जिरते, तेथे खड्डा मुरुमापर्यंत न्यावा लागतो.

कचऱ्याविषयी लिहिताना एक जुनी गोष्ट आठवते. मराठेशाहीच्या दप्तरांत ‘जुन्नरी कागद’ नाव मिळवून होता आणि तो बनवणारे कागदी मुसलमान होते. जुन्या चिंध्या, फाटके ताग, रद्दी यांचा लगदा करून ते कागद काढीत. लोकांनी टाकलेल्या वस्तूंतून फर्माने आणि हिशेब लिहिण्याजोगी वस्तू करणारी माणसे याच गावात आपल्या आधी राहून गेली. आज आपल्या वलीम्याच्या मंडपामागे प्लास्टिकच्या बाटल्या आणि ताटांचा जो ढीग पडतो, त्यातून कोणाला काहीच करता येत नाही. महाराष्ट्रात 2018 पासून अशा एकदाच वापरायच्या बहुतेक ताट-वाट्यांवर बंदी आहे, हे मंडपवाल्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. 2016 च्या केंद्रीय नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची जबाबदारी घराघरावर टाकली होती. पूर्वी जमातीकडे पितळी भांडी असत आणि ती लग्नघरी फिरत. ती कोणत्या खोलीत पडून आहेत याची चौकशी करावी.

शेवटचा विषय नाजूक आहे, पण जुन्नर-आंबेगावात तो टाळता येत नाही. कुर्बानीनंतर आतडी, शिंगे, रक्त व इतर अवशेष उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला किंवा ओढ्यात टाकले जातात. त्या जागी कुत्री जमतात. कुत्री हे बिबट्याचे आवडते भक्ष्य आहे, आणि या दोन्ही तालुक्यांत उसाच्या फडांत बिबट्यांनी आसरा घेतला आहे. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र उभारावे लागले, ते उगीच नव्हे. वस्तीजवळ कुत्र्यांना बोलावणे म्हणजे त्यांच्या मागे येणाऱ्यालाही बोलावणे आहे, आणि अंधारात अंगणात खेळणारे मूल कोणत्या धर्माचे आहे हे जनावर पाहत नाही. वाटेतून त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे, वाटेत ती टाकणाऱ्याची कुर्बानी कोणत्या दर्जाची, हे ज्याने त्याने ठरवावे.

जेथे नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची गाडी हे अवशेष उचलते तेथे ते घट्ट पिशवीत बांधून तिच्याकडेच द्यावेत. जेथे ती सोय नाही तेथे मोहल्ल्याने मिळून एकच खोल खड्डा खणावा. तो विहिरी, बोअर आणि ओढा यांपासून दूर असावा. प्रत्येक थरावर चुना आणि माती टाकावी. वर निदान हातभर माती दाबून बसवावी, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. खड्डा ईदच्या आदल्या दिवशीच तयार हवा. नमाजनंतर सुरी हातात घेतल्यावर खड्डा कोणी खणत नाही.