झाडूला घाबरणारी तांबू

मार खाल्लेलं कुत्रं घरी आलं की पहिल्या आठवड्यात त्याला सर्वांत जास्त छळते ती घरच्यांची माया. पोरं कुरवाळायला धावतात, शेजारीपाजारी बघायला येतात, कोणीतरी बिस्किटाचा पुडा फोडतं. कुत्रं मात्र कॉटखाली भिंतीला चिकटून थरथरत असतं.

येडशीत महामार्गालगतच्या एका ढाब्यामागून आमच्याकडे आलेली तांबू अशीच. गळ्यात रुतलेली तार, पाठीवर उकळत्या पाण्याचा डाग, कानांत गोचिडांचे झुपके. भाकरी ठेवणारा हात तिला चालायचा, पण कुणी झाडू उचलला की जागेवरच लघवी व्हायची. त्यावर ओरडलं की आणखी व्हायची.

उपाशी जनावराला एकदम पोटभर वाढू नये. दीर्घ उपासमारीनंतर अचानक भरपूर अन्न गेलं तर रक्तातले क्षार बिघडतात, प्रसंगी जीवही जातो. थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा द्यावं. घरातलं कालवण नको. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. गोचीडतापासाठी रक्तही तपासून घ्यावं, कारण मलूल पडलेलं कुत्रं ‘घाबरलंय बिचारं’ म्हणून सोडून दिलं जातं आणि ताप अंगात मुरतो.

गुरगुरण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. ‘कुत्री मला बरोबर ओळखतात’ म्हणणाऱ्या एका पाहुण्यानं तांबू खात असताना वरून तिच्या डोक्याकडे हात नेला. तिनं आधी अंग ताठ केलं, ओठ चाटले, डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दिसू लागला. मग ती गुरगुरली. पाहुणे हसले. त्यानंतर दात लागले. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुतली, सरकारी दवाखाना गाठला. अशा वेळी रेबीजच्या लसीचा पहिला डोस लगेच घ्यायचा, उरलेले ठरल्या तारखांना न चुकता. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचावं लागतं. हळद-चुना भरून घरी बसणं जिवावर बेततं.

‘आता हिला चांगला धडा शिकवा’ हा सल्ला अर्थातच मिळाला. गुरगुरल्याबद्दल मार बसलेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, चावणं सोडत नाही. पुढच्या वेळी ते सूचना न देताच चावतं. त्यापेक्षा खाताना त्याला एकटं सोडावं. त्याच्या कोपऱ्यात कोणी हात घालू नये. जवळ बसायचंच तर थोडं अंतर ठेवून, बाजूला तोंड करून, गप्प बसावं आणि ते आपणहून हुंगायला येईपर्यंत हात आवरावा.

अशा धीराचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथं 2007 मध्ये मायकेल व्हिक या फुटबॉलपटूच्या अड्ड्यावरून झुंजीची सुमारे 50 पिटबुल जप्त झाली. काही बड्या प्राणिसंस्थांनीच त्यांना ठार करावं असं म्हटलं होतं. तरी तज्ज्ञांनी प्रत्येकाची वेगळी परीक्षा केली. त्यांतली 22 युटामधल्या ‘बेस्ट फ्रेंड्स’ संस्थेकडे गेली. काहींना घरं मिळाली, काही आयुष्यभर तिथंच राहिली. सगळी ‘सुधारली’ पाहिजेत असा हट्ट कोणी धरला नाही, हे मला त्यात सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

येडशीकरांना आणखी एक पथ्य आहे. रामलिंग घाट अभयारण्य उशाशी, तिथं बिबट्याचा वावर. 2024 च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वरमधून आलेला वाघही याच भागात दिसला. रात्री अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं पान. उलट, रोगी कुत्र्यापासून जंगलालाही धोका असतो. 2018 मध्ये गीरच्या मृत सिंहांमध्ये कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. म्हणून रेबीजबरोबर डिस्टेंपरचीही लस टोचावी आणि फिरवताना पट्टा सोडू नये.

छळ करणाऱ्याला 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे, म्हणजे एका चहा-नाश्त्याचे पैसे. पण जनावर मारलं किंवा अपंग केलं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांत जाताना फोटो आणि पशुवैद्यकाचा दाखला सोबत न्यावा.

घरात रांगतं लेकरू असेल, किंवा दिवसभर कुलूप असेल, तर असं कुत्रं तूर्त आणू नका. ढाब्यामागच्या एखाद्या कुत्र्याला रेबीजची लस टोचून घ्या, गळ्यातली तार पशुवैद्यकाकडून काढून घ्या. तेवढंही पुष्कळ आहे.