जुन्या संगणकाला नवी डिस्क जोडताना

शाळा-महाविद्यालयांत पुष्कळदा एक जुना सर्व्हर असतो. इतर संगणकांना लागणारी माहिती साठवून ती मागेल त्याला पुरवणे हे त्याचे काम. त्यातील जागा संपली, की आपण बाजारातून ३ टेराबाइटची, म्हणजे ३ लाख कोटी बाइट मावतील अशी, हार्ड डिस्क आणतो आणि जोडतो. पण पडद्यावर जागा दिसते जेमतेम ०.८ लाख कोटी बाइट! डिस्क सदोष आहे का? मुळीच नाही. दोष मोजण्याच्या पद्धतीत आहे.

स्कूटरवरील किलोमीटर दाखवणारे यंत्र आठवा. त्यात पाचच आकडे असतील, तर ९९,९९९ नंतर पुन्हा ००,००० येते. १,०५,००० किलोमीटर धावलेली स्कूटर फक्त ५,००० दाखवते. येथेही तसेच घडते.

डिस्कवरील माहिती ५१२ बाइटच्या कप्प्यांत ठेवतात आणि प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. जुन्या पद्धतीत हा क्रमांक लिहायला ३२ बिट, म्हणजे द्विमान पद्धतीतील ३२ अंक, मिळतात. म्हणून कप्पे फार तर २³² = ४,२९,४९,६७,२९६. याला ५१२ ने गुणा : २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट, म्हणजे सुमारे २.२ लाख कोटी. काही जुन्या यंत्रणा त्यापुढचे अंक सोडूनच देतात. ३ मधून २.२ वजा केल्यावर काय उरते? ०.८!

डिस्कच्या विभागणीचा हा तक्ता १९८३ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांबरोबर आला. तेव्हाची डिस्क १० मेगाबाइटची होती. तिच्या दोन लाख पटींहून मोठी मर्यादा कोणाला अपुरी वाटली असती? नव्या तक्त्यात क्रमांकाला ६४ बिट दिलेले आहेत.

जागा कमी दिसणे हा तोटा लहान. खरा धोका निराळाच आहे. समजा, हीच डिस्क नव्या संगणकावर पूर्ण आकारात तयार केली आणि मग जुन्याला जोडली. डिस्क भरत जाते तोवर सारे सुरळीत दिसते. मर्यादा ओलांडताच क्रमांक शून्यावर येतो आणि नवी माहिती डिस्कच्या आरंभावर लिहिली जाते. विभागणीचा तक्ता तिथेच असतो! तो पुसला गेला, की वर्षानुवर्षे जमवलेली निरीक्षणे, निकाल, सारे हरवल्यासारखे होते.

आता दुसरी अडचण, आणि ही शुद्ध भौतिकीची. डिस्कच्या तबकड्या बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेतात. एकदा वेग आला, की केवळ घर्षण व हवेचा रोध यांवर मात करायची असते. त्याला ६ ते ८ वॅट पुरतात. पण स्थिर तबकड्यांना गती देताना त्यांच्या जडत्वावर मात करावी लागते. शिवाय मोटर थांबलेली असताना तिच्यात उलट विद्युतगामक बल नसते, त्यामुळे प्रवाह जास्त वाहतो. १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट, काही सेकंद लागतात. आठ डिस्क एकदम सुरू झाल्या तर १९२ वॅट! जुना पॉवर सप्लाय येथेच मान टाकतो. म्हणून चांगल्या सर्व्हरमध्ये डिस्क एकामागून एक सुरू करण्याची सोय असते.

तेव्हा डिस्क जोडण्यापूर्वी तीन गोष्टी करा. जुन्या माहितीची प्रत दुसरीकडे काढून ती उघडते का ते पाहा. डिस्क हाताळणारे कार्ड आणि संगणक-प्रणाली किती बिटांचा क्रमांक जाणतात ते माहितीपुस्तिकेत वाचा. आणि सुरू होतानाच्या वॅटची बेरीज करा, चालतानाच्या नव्हे.

करून पाहा : कप्पा ५१२ ऐवजी ४,०९६ बाइटचा केला आणि क्रमांक ३२ बिटांचाच ठेवला, तर किती बाइट मावतील? मर्यादा किती पट वाढली? उत्तर काढून वर्गात शिक्षकांना दाखवा.